दोनशे घरांना गेलेलं अभिनंदन

आता काय सांगू तुम्हाला, प्रेमात पडून गाढवपणा सगळेच करतात, मी तो दोनशे घरांना कळवून केला!

रायपूर राजधानी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या मराठी मंडळाची वधू-वर यादी मी वहीतून कॉम्प्युटरवर आणली आणि तिला ट्रिगर लावला. ट्रिगर म्हणजे काय? नोंद बदलली रे बदलली, की ठरवून दिलेलं काम तो आपणहून करतो. कोणाच्या नावापुढचा 'लग्न जमलं' हा रकाना बदलला, की सगळ्या दोनशे सभासदांना मोबाइलवर अभिनंदनाचा मेसेज! काय कौतुक झालं माझं!

यादी भरायला चौबे कॉलनीतल्या वानखेड्यांची मेघा यायची. ती मला फार आवडायची, पण सांगायला जीभ रेटेना. तेवढ्यात कळलं, भिलाईचं स्थळ तिला बघायला येतंय. झालं! आणखी स्थळं तरी नकोत, म्हणून मी गुपचूप तिच्या नावापुढे 'हो' लिहिलं; ट्रिगरचं भानच राहिलं नाही.

ट्रिगरला काय कळतं, खरं की खोटं? गेले दोनशे मेसेज!

घाबरून मी 'हो'चं 'नाही' केलं. पण तोही बदलच ना? पुन्हा दोनशे!

लगेच मावशीचा फोन. "काबे नित्या, वानखेड्यांच्या पोट्टीचं दोनदा जमलं काय?"

संध्याकाळी वानखेडेकाका मेघाला घेऊन मंडळात हजर. "काहून रे, पोट्टीचं जमलं अन् बापालेच पत्ता नाही? भिलाईवाले नाही म्हणून राहिले ना आता!"

मशीन बिघडलं म्हणणार होतो. पण मेघाचा उतरलेला चेहरा बघून स्वतःचीच लाज वाटली. तिला न विचारता मी तिच्या आयुष्यात ढवळाढवळ केली होती.

"काका, मशीन ठीक आहे. मीच लिहिलं. मला मेघा आवडते."

काका लेकीकडे वळले.

"लिहायच्या आधी मले एक बार पूछना तो था!" मेघा म्हणाली. डोळ्यांत पाणी, आणि आवाजात राग.

"आता विचारू?"

तिनं डोळे पुसले. मग होकारार्थी मान हलवून हळूच म्हणाली, "हव."

पुढे साखरपुडा ठरला, तेव्हा तिच्या नावापुढे 'हो' तिनंच लिहिलं. पुन्हा दोनशे मेसेज गेले. आम्ही दोघं फोनजवळ बसून राहिलो. अभिनंदनाचा एक फोन येईल तर शपथ!

शेवटी मीच मावशीला फोन लावला.

"अगोबाई, खरंच जमलं काय?" मावशी म्हणाली. "मले वाटलं, तुह्या मशीनीले पुन्हा उचकी लागली!"