काशीच्या थंडीत दाढोबा

चिपळूण स्टेशनवर शाळेतल्या तुम्ही चौघी मला पोचवायला आला होतात. शैलाने आमसुलांचा डबा दिला. विजूने गाडी हलेपर्यंत माझा हात सोडला नाही. "नशीब काढलंस, लेक काशीला नेतोय," असं तीच म्हणाली होती.

घराची किल्ली मी आदल्या दिवशी नव्या मालकांच्या हातात ठेवली होती. माझी आई म्हणायची, राहत्या घराला कुलूप लावावं, विकू नये. पण निखिल, माझा एकुलता एक मुलगा, हे गेल्यापासून मागेच लागला होता. "आई, मला इथे विद्यापीठात कायमची नोकरी आहे. आता आपण एकत्र राहू. मागे घर ठेवलंस तर तुझा जीव तिकडेच अडकेल." मी मे महिन्यात घर विकलं.

तुम्ही फोनवर विचारता, काशी कशी आहे. आजवर मी गंगेचं आणि आरतीचं सांगत आले. आज खरं ते लिहिते.

बालाजी घाटाजवळच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. शेजारच्या सुमनवहिनींचं कुटुंब मराठीच, पण पाच पिढ्या इथली. "सब्जी चिरून होऊ दे, मग येते," असं त्या म्हणाल्या की सुरुवातीला मला हसू यायचं. आता माझ्याही तोंडात कोथिंबिरीआधी धनिया येतो.

आणि घरात तिसरा एक जण होता. काचेच्या पेटीत निखिलचा पाळलेला सरडा, ऑस्ट्रेलियातल्या जातीचा, हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. तो त्याला रॉकी म्हणायचा, मी दाढोबा म्हणू लागले. साधी पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी मी, हे तुम्हाला माहीत आहे. पण निखिलने शांतपणे सगळं शिकवलं. भोपळा किती बारीक किसायचा, किडे चिमट्याने कसे द्यायचे, पेटीतल्या उष्णतेच्या दिव्याचा काटा कुठे ठेवायचा. "त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आई. ऊब बाहेरूनच द्यावी लागते." मला वाटायचं, मुलगा मला त्याच्या आयुष्यात सामावून घेतोय.

दिवाळी संपली आणि तो म्हणाला, "जर्मनीत दोन वर्षांचं काम मिळालंय. अचानक ठरलं." तीन आठवड्यांत तो गेलाही. अचानक या शब्दावर मी विश्वास ठेवला. गल्लीतल्या बायका विचारायच्या, तेव्हा अभिमानाने सांगायचे.

मग थंडी आली. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे शाल. इथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, धुकं गल्लीत शिरून बसतं, फरशीवर पाय ठेववत नाही. जानेवारीत एका संध्याकाळी वीज गेली ती गेलीच. इन्व्हर्टरवर तो दिवा चालत नाही. दहाच्या सुमाराला दाढोबा काळपट पडला, हात लावला तर दगडासारखा गार. डोळे उघडेना. मी निखिलला चार वेळा फोन लावला. त्याने उचलला नाही.

सुमनवहिनींचं दार वाजवलं. त्यांनी काही विचारलं नाही. मातीच्या शेगडीत, इथे तिला बोरसी म्हणतात, निखारे घालून आणले. "ताई, बिजली आता सकाळीच येणार. ही बोरसी बाहेर जिन्यातच राहू द्या, धुराने माणूस जातो. हिच्यावर विटा तापवू." आम्ही दोघी पायरीवर बसून विटा तापवत राहिलो. जुन्या लुगड्यात गुंडाळून मी त्या पेटीत ठेवायची, निवल्या की बदलायची. मध्ये तर मी त्याला शालीच्या आत छातीशी धरून बसले. पहाटे त्याने एक डोळा उघडला. वहिनी म्हणाल्या, "जगला हो." त्यांच्या हाताला चटका बसला होता, ते त्यांनी सकाळी सांगितलं.

वीज आली ती झटका देऊनच. दिवा उडाला. दुसरा शोधायला मी निखिलचा खण उघडला. दिवा होता, आणि त्याखाली जर्मनीतल्या संस्थेचं नेमणूकपत्र होतं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं, घर विकण्याच्या तीन महिने आधीचं. सोबत त्याने सही करून पाठवलेल्या होकाराची प्रत. विद्यापीठातली नोकरी त्या वर्षाअखेर संपणार, हेही त्यात लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, अर्थ लावायला वेळ लागला नाही. मग दिवा बसवला, कारण तो आधी बसवायला हवा होता.

दुपारी त्याचा फोन आला. मी विचारलं, "घर विकायला लावलंस तेव्हा तुला माहीत होतं?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू आली नसतीस. तिथे तू एकटी राहिली असतीस. मला काळजी वाटली असती."

"आणि इथे?"

"इथे शेजार आहे. रॉकी आहे."

मी फोन ठेवला. जुन्या गोष्टींत आईबापांना काशीला नेऊन सोडतात, त्यांना निदान ते माहीत असतं.

होळीच्या सुमाराला त्याने पुन्हा सगळं ठरवून कळवलं. दिल्लीचा मित्र येऊन रॉकीला नेईल, मी पुण्याला त्याच्या आत्याकडे जायचं. "आता तुझी सोय होतेय, आई." मी म्हटलं, दाढोबा कुठे जाणार नाही, मीही नाही. तो रागावला. रागावू दे. माया आटली म्हणाल, तर तसं नाही. फक्त त्याचं बोलणं आता मी पडताळून घेते.

तुम्ही म्हणाल, चिपळूणला परत ये. येईन, चार दिवस राहायला. पण घर कुठे आहे, असं विचाराल तर मला आता एवढंच कळतं: मला न विचारता माझं कुणी ठरवत नाही, ते घर. मागच्या आठवड्यात घरमालक भाडेकरार घेऊन आले. निखिलच्या नावावर काट मारायला लावून मी माझं पूर्ण नाव घातलं, सुमनवहिनी साक्षीदार झाल्या. निखिललाही कळवलं. सही झाल्यावर.