बाळाच्या गालावरचा ठिपका

ती घटना आठवायला मला कष्ट पडत नाहीत. विसरण्यासाठी मात्र पुष्कळ घेतले.

पोलीस खात्यातून मुदतीआधी निवृत्त होऊन मी कुवेतला एका धनिकाकडे सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. खैरानच्या समुद्राकाठी त्यांचे सुट्टीचे घर होते. तिथल्या एका खोलीत पाचशे वर्षांपूर्वीचे, लाकडी फळीवर रंगवलेले माता मेरी आणि बाळाचे इटालियन चित्र होते. ते एका गुरूच्या शिष्यांनी मिळून केलेले. आईचा चेहरा एकाचा, हात दुसऱ्याचे. खोलीत कुठेही उभे राहा, बाळ तुमच्याकडेच बघे.

एका दमट सकाळी बाळाच्या डाव्या गालावर काळा ठिपका दिसला. मालक हबकले. त्यांनी घाईने तो रुमालाने पुसला आणि रुमाल फेकून दिला. ठाण्यात असतो तर मी आधी रुमाल जप्त केला असता. इथे गरजच वाटली नाही, कारण ठिपका पाहताक्षणी मी ओळखला होता. तीट! म्हणजे हे काम आपल्याकडच्याच माणसाचे.

ड्रायव्हरने खबर दिली, "सर, वो बाई फोटो से बात करती है."

बाई रत्नागिरीकडची, घरकामाला. तिच्या बॅगेत काजळाची डबी निघाली.

"नातवासाठी घेतलीय, साहेब. अजून बघितला नाय त्याला."

"चित्राला तीट तूच लावलीस ना?"

"मी नाय लावली." मग खाली बघत म्हणाली, "लावावीशी वाटली होती. एवढं गोरं पोर, कपडे नाय अंगावर, कुणाचीपण नजर लागंल."

मी खुर्ची जवळ ओढली. खात्यातली जुनी रीत. "हे बघ ताई, कबूल केलंस तर मी सांभाळून घेतो. नाहीतर पोलीस येतील."

"नोकरी तर नाय ना जाणार? माझ्यावर घर आहे, साहेब."

"नाही जाणार."

तिने कबुलीजबाबावर सही केली. आठवड्यात तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द झाला. विमानतळावर तिला मीच सोडले. डबी तेवढी तिने परत मागून घेतली.

त्यानंतर खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे होती. पुन्हा दमट हवा पडली, तेव्हा मी सकाळी कुलूप उघडले. बाळ माझ्याकडे बघत होते. गालावर, त्याच जागी, ठिपका.

बोट लावले. चिकट होता. काजळ असे चिकटत नाही. वास घेतला, तर राळेचा. जुन्या लाकडातली एखादी गाठ दमट हवेत रंगातून पाझरत असावी. असावी म्हणतो, कारण मी कुणाला तपासायला सांगितलेच नाही. सांगितले असते तर ती परत आली असती आणि मी गेलो असतो.

जी गोष्ट ओळखीची वाटते, तिचीच तपासणी आपण करत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. आणि कबुलीजबाब पुष्कळदा आरोपीचा नसतो, विचारणाऱ्याचा असतो.

तिथे होतो तोवर दर दमट सकाळी मालकांच्या आधी उठून मी त्या खोलीत जात असे. तिला तीट लावावीशी वाटली, एवढाच तिचा गुन्हा. पुसत मी होतो.