पहिलं उत्तर

आमच्या शेजारची ऋतुजा अष्टमी गावात घरी बसून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलचं, म्हणजे तिच्या गाभ्याचं, काम करते. कुठल्याही प्रोग्रामला फाइल उघडायची असली, की तो फाइलचं नाव देऊन कर्नेलकडे मागणी करतो. ती मागणी तपासून तिची नोंद ठेवणारा कोड ऋतुजाचा. त्यात तिचा हट्ट एकच: नाव एकदाच वाचायचं, आपल्याकडे उतरवून घ्यायचं आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरूनच करायचं. परत प्रोग्रामकडे बघायला गेलं, तर तेवढ्यात त्यानं नाव बदललेलं असू शकतं. हे कुणी विसरलं, की ती फोनवरच त्याला फैलावर घेते.

घरात मात्र तिला हे उशिरा सुचलं. तिची आई सगुणाबाई, उभा जन्म मिठागरात राबलेली.

"आई, गुडघा दुखतो काय गो?"

"व्हय."

"लय दुखतो? जाऊया डॉक्टरकडं?"

तोवर आईनं लेकीचा दमलेला चेहरा पाहिलेला असायचा. "नाय गो, कुठं काय."

ऋतुजा हे दुसरं उत्तर खरं धरायची. गुडघा सुजून टम्म झाला, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. आता ती एकदाच विचारते आणि सरळ रिक्षा बोलावते.

परवा काम आटपून ती ओटीवर टेकली.

"दमलीस गो?" आईनं विचारलं.

"व्हय," ती बोलून गेली. मग आईचा गुडघा आठवून घाईनं म्हणाली, "नाय, तशी नाय."

सगुणाबाई तोवर लंगडत आत गेल्या होत्या. कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाय इकडं कर."