स्ट्रॉबेरीच्या शेतात पुरलेली तलवार

"इथलाच," एवढंच म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवत आणि पेन्सिलीला टोक करायला लागत.

कुणीही त्यांना कुठले म्हणून विचारलं की हे ठरलेलं. चेहरा जपानी, त्यामुळे विचारणारा तेवढ्यावर थांबत नसे. "ते ठीक, पण मूळचे कुठले?" "मूळचाही इथलाच." परदेशात राहिलेल्यांना हा संवाद तोंडपाठ असेल. मीही पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. नागपूरचा माणूस मी, समोरच्याचं गाव कळल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आमच्या ऑफिसात ते सर्वांत जुने ड्राफ्ट्समन. मी इंजिनियर म्हणून लागलो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. माझ्या ड्रॉइंगमधली चूक सापडली की सगळ्यांसमोर कधी बोलत नसत. टेबलाजवळ येऊन हळूच म्हणत, "ही रेघ जरा थकलेली दिसते." मी रबर काढेपर्यंत ते निघून गेलेले असत.

त्या काळात, ऐंशीच्या दशकात, अमेरिकेला जपानचं वेड लागलं होतं. जुन्या काळातल्या एका जपानी तलवारबाजाचं तर फारच. दोन हातांत दोन तलवारी घेऊन लढणारा, म्हणे एकही द्वंद्व न हरलेला, म्हातारपणी गुहेत बसून युद्धाचं पुस्तक लिहिणारा. व्हिडिओच्या दुकानात त्याच्या सिनेमांच्या कॅसेट, मॉलमध्ये त्याची पोस्टर्स. त्याचं पुस्तक सेल्सवाल्यांच्या ब्रीफकेसमध्ये. मी आणि बायको शनिवारी कॅसेट आणून बघायचो. मला तो फार आवडायचा.

आमच्या मॅनेजरनं ते पुस्तक वाचलं आणि त्याला वाटू लागलं की, कंपनीनं असंच लढायला हवं. शुक्रवारी लंचला या तलवारबाजावर कुणीतरी बोलावं असं त्यानं ठरवलं. कुणी, ते सांगायला नको. ते दोनदा नाही म्हणाले. मग मॅनेजरनं मला पाठवलं.

"दहा मिनिटं तर बोलायचंय," मी म्हणालो. "तुमच्याइतका अधिकार इथे कुणाला आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "तुला खरंच ऐकायचंय?"

"म्हणजे काय. मी त्याचे सगळे सिनेमे पाहिलेत."

"बरं," ते म्हणाले.

शुक्रवारी वीसेक जण सँडविच घेऊन बसलो होतो. मॅनेजरनं कॅटलॉगमधून मागवलेली एक चकचकीत तलवार आणली होती. ती त्यांच्या हातात देऊन तो म्हणाला, "फोटोसाठी जरा उगारा." त्यांनी ती दोन्ही हातांवर घेतली, टेबलावर ठेवली आणि बोलायला लागले. आवाज नेहमीचाच, रेघ थकलेली आहे हे सांगतानाचा.

"माझे वडील स्ट्रॉबेरी पिकवायचे. या तलवारबाजाची कथा जपानी वर्तमानपत्रात रोज थोडी थोडी यायची. ते अंक बोटीनं यायचे. वडील कात्रणं वहीत चिकटवायचे आणि जेवणाआधी आम्हाला वाचून दाखवायचे. मी तेरा वर्षांचा असताना जपान-अमेरिका लढाई सुरू झाली. जपानी घरांच्या झडत्या होऊ लागल्या. वडिलांनी वही चुलीत घातली, एकेक पान करून. आजोबांची तलवार होती, ती जळण्यासारखी नव्हती. ती शेतात पुरली. तरी सरकारी माणसं वडिलांना घेऊन गेलीच. पुढे आम्हा सगळ्यांनाही आगगाडीत बसवलं. तीन वर्षं सरकारी कॅम्पात, काटेरी तारेच्या आत राहिलो. शेत खंडानं घेतलेलं होतं, ते गेलं."

मग ते उठून खिडकीशी गेले आणि खालच्या पार्किंगकडे बोट दाखवलं.

"तिथे कुठेतरी आहे ती. वडिलांनी सफरचंदाच्या झाडापासून पावलं मोजली होती, पण आता ते झाड नाही."

त्या पार्किंगमध्ये माझी गाडी उभी होती. चार वर्षं मी तिथे रोज गाडी लावत होतो.

"तुम्ही कधी सांगितलं का नाही?" मॅनेजरनं विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनी विचारलंत तेव्हा सांगितलं की. इथलाच."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. सोमवारी तो मेटल डिटेक्टर भाड्यानं आणायचं बोलू लागला. ते म्हणाले, "वडिलांनी ती सापडू नये म्हणून पुरली होती." तो विषय तिथेच संपला.

मी माफी मागायला गेलो तर त्यांनी मला बोलू दिलं नाही. "तू ऐकायचं म्हणालास, म्हणून सांगितलं. एरवी कुणी ऐकायचं म्हणत नाही."

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. आम्ही तेव्हा नागरिकत्वाचे फॉर्म भरत होतो. तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "ते तर इथे जन्मलेले. नागरिकच होते ना?"

"होते."

"मग हा कागद कशाला भरतोय आपण?"

फॉर्म आम्ही भरला, पण वर्षभरानं.

त्यानंतर ते अधूनमधून आमच्याकडे जेवायला येत. पिठलं त्यांना आवडायचं, ठेच्यापुढे मात्र हात जोडायचे. तलवारबाजाच्या कॅसेट बघायला मी त्यांना कधी बोलावलं नाही. मीही आणायच्या सोडल्या. त्या दशकाच्या शेवटी ते निवृत्त झाले आणि कॅलिफोर्नियात मुलीजवळ राहायला गेले. दर नाताळाला कार्ड यायचं, अक्षर ड्रॉइंगवरच्यासारखं सरळ.

एका वर्षी कार्डाऐवजी मुलीचा फोन आला. ते गेले होते. त्यांच्या वहीत माझा नंबर सापडला, म्हणून तिनं केला होता. मी चार शब्द बोललो. तीही बोलली, मग जराशी अडखळली.

"तुम्ही इतकी वर्षं बरोबर काम केलंत, म्हणून विचारते. बाबा आणि आत्या कधी भेटले की 'कॅम्पात असताना' असं म्हणायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं, उन्हाळी शिबिराला जायचे. मोठं झाल्यावर शाळेत थोडं कळलं. पण घरी विचारलं की ते उठून जायचे. तुमच्याशी कधी काही बोलले होते का?"

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांच्या पोटच्या मुलीला त्यांनी जे सांगितलं नव्हतं, ते मला सँडविच खाता खाता ऐकायला मिळालं होतं.

"तुमचे आजोबा स्ट्रॉबेरी पिकवायचे," मी सुरुवात केली.

"एक मिनिट," ती म्हणाली. "मला कागद घेऊ द्या. आणि प्लीज, हळू सांगा."