गाडीची ओटी

लेकीची गाडी रेल्वेनं आसामला पाठवायची ठरली आणि माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. बुकिंगवाला फोनवर म्हणाला, "दारं लॉक करा, पण अलार्म बंद पाहिजे. आत सामान ठेवू नका." आता ही गाडी अशी की रिमोटनं लॉक केली की अलार्म आपोआप चालू. मग लॉक करायची का नाही करायची? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू गप बस. मलाच कळंना झालंय."

लेकीला सातवा महिना. जावई तिकडं नोकरीला, दवाखाना लांब, म्हणून गाडी वेळेत पोचायला हवी होती. मला मात्र दुसरीच रुखरुख. जावयाच्या रजेच्या घोळात तिचं लग्न तिकडंच उरकलं, तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये. पोरगी उंबऱ्यातून गेली ती बॅग घेऊन, ओटी न भरता. आता सातव्यातही मी इथंच. दारात दोन म्हशी आणि ह्यांचं एकच पालुपद, "जनावरं कुणाच्या जिवावर सोडायची?"

शिरूरच्या इलेक्ट्रिशियननं अलार्मची वायर काढली. "काकी, आता रिमोटला हात लावायचा न्हाई. चावी फिरवून लॉक करायचं. गाडी कितीबी हादरू दे, बोंबलायची न्हाई." ह्यांनी काचेवर बुक्क्या मारून बघितल्या. गाडी गप्प.

न्हावऱ्यावरून दौंडला पोचलो. हे पार्सल ऑफिसात गेले तेवढ्यात मी बॉनेटला हळदीकुंकू लावलं. मी बसले होते त्याच पुढच्या सीटवर खण अंथरला, त्यावर पिशवीभर गहू, नारळ, सुपारी ठेवली आणि वरून शाल टाकली. गाडी तिच्या दारात जाणार म्हणजे ओटीही जाणार. सामान नको म्हणाले होते खरं, पण ओटीला कोण सामान म्हणतं?

लोडिंगवाला गाडी डब्यात चढवायला बसला आणि टिंग टिंग टिंग! तो तसाच खाली उतरला. "अलार्म चालू हाय काका. अशी न्हाई चढवायची."

ह्यांचा पारा चढला. इलेक्ट्रिशियनला फोन लावून ओरडले, "आरं, काय काढलंस तू? पोरगी तिकडं वाट बघतीय!" इंजिन बंद केलं की गाडी गप्प, चालू केलं की टिंग टिंग. हे चावी फिरवतायत, लोडिंगवाला रिमोट दाबतोय, दारं उघडतायत, मिटतायत. मी आपली सगळ्यांच्या तोंडाकडं बघत उभी. अगं बाई, वायर तर माझ्या डोळ्यांदेखत काढली होती! आज गाडी गेली नाही तर अवघडलेली पोर दवाखान्यात जाईल कशी?

फोन स्पीकरवर होता. शेवटी इलेक्ट्रिशियन म्हणाला, "आप्पा, त्यो अलार्म न्हाईच. पट्टा न लावल्याची बेल हाय ती. सीटवर वजन पडलं की वाजती. डायवरशेजारी म्होरच्या सीटवर कोण बसलंय?"

"कुणीच न्हाई," हे म्हणाले आणि शालीकडं बघत राहिले.

लोडिंगवाल्यानं शाल उचलली. "मावशी, सामान चालत न्हाई. काढून घ्या."

"सामान न्हाई बाबा, लेकीची ओटी हाय. भरलेली ओटी परत घेत्यात व्हय?" एवढं बोलले आणि मला रडू कोसळलं, तिथंच, चारचौघांत.

आता हे माझ्यावर ओरडणार म्हणून मी मान खाली घातली. ह्यांनी गव्हाची पिशवी खांद्याला लावली, नारळ-सुपारी खणात बांधली आणि माझ्या पदरात ठेवली. बेल थांबली. गाडी मुकाट डब्यात गेली. चावीनं लॉक झाली.

मी पदर सावरत एसटी स्टँडकडं निघाले, तर हे उलटे, तिकिटाच्या खिडकीकडं. मला काही उमगेना. "अहो, स्टँड इकडं हाय!"

"अलार्म काढला की गाडी जाती एकटी," हे मागं न बघता म्हणाले. "ओटी न्हाई जायची. म्हशींचं भावाला सांगतो मी. तू पदर धर नीट, दोन तिकटं काढतो आसामची."