माझे बूट आल्प्स चालून आले

या पृथ्वीवर पायी चालण्याचा मक्ता देवानं एकाच माणसाला दिला आणि बाकीच्यांना नुसतेच पाय दिले, असं आमच्या साडूंकडे पाहिलं की वाटतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार चिचगड, वय अडुसष्ट, जन्म सगळा वनरक्षकाच्या नोकरीत जंगल तुडवण्यात गेलेला. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात, आणि गेली पस्तीस वर्षं मी या माणसाचा मनापासून हेवा करत आलो आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला ठाऊक आहे, पण तेही मी सांगितलं म्हणून नाही.

भाऊ गाडीवर बसत नाहीत. म्हणजे चिचगडहून गोंदियाला यायचं तर बसमध्ये बसतात, नाइलाज म्हणून, पण बसमधून उतरल्यावर रिक्षावाला दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जातात. एकदा मी त्यांना घ्यायला बसस्टँडवर स्कूटी घेऊन गेलो. अर्धा तास शोधलं, चहाच्या टपऱ्या पालथ्या घातल्या, शेवटी घाबरून कुडव्याला घरी परतलो, तर भाऊ आमच्या ओट्यावर बसून दुसरा चहा पीत होते. मलाच उलट विचारतात, "काऊन जी मास्तर, कुठं फिरून राहिले उन्हात? गाडीवर नोका बसत जाऊ. बसलं का पाय झोपून जाते." पायात टायरची चप्पल, हातात बांबूची काठी, शर्टाच्या खिशात भाजलेले चणे. एवढ्या सामानावर हा माणूस वीस किलोमीटर चालून लग्नाला जातो आणि पंगतीत सगळ्यांच्या आधी बसतो. मी लग्नाला गाडीनं जातो आणि माझी कंबर दुखते. आता सांगा, हेवा वाटणार नाही तर काय वाटेल?

त्यात भर म्हणजे त्यांना कशाचंच कौतुक नाही. जेवण कितीही उत्तम होवो, "ठीक होतं." मी नवं घर बांधलं, वास्तुशांतीला भाऊंनी चारही खोल्यांतून चक्कर मारली आणि म्हणाले, "ठीक आहे. लवकर संपते." त्याच वास्तुशांतीला त्यांनी आणखी एक प्रताप केला. जंगलात मोहफुलं वेचायला, तेंदूपानाला माणसं निघाली की पुढच्यानं एक काम करायचं असतं. जिथं वाट फुटते तिथं चुकीच्या वाटेवर एक हिरवी डहाळी आडवी टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं, इकडून नाही जायचं. भाऊंच्या हाताला ती सवय इतकी लागलेली, की मागून पाहुणे येणार म्हणून त्यांनी कुडव्याच्या मोडावर, मग किराणा दुकानापाशी, मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी, सगळीकडे कडुनिंबाच्या डहाळ्या टाकल्या. पाहुणे बापडे मोबाइल पाहत बरोबर आले. पण एक रिक्षावाला डहाळीसमोर रिक्षा थांबवून ओरडत बसला, "अरे भैया, आगे रोड बंद है क्या?" मी शरमेनं अर्धा झालो. भाऊ मात्र म्हणाले, "पाहा, शहरातल्या माणसालेही समजते."

आता माझ्याविषयी सांगतो, म्हणजे माझं दुःख समजेल. मी भूगोलाचा मास्तर. एकतीस वर्षं फळ्यावर रंगीत खडूनं आल्प्स काढला. हिमरेषा, वृक्षरेषा, यू आकाराच्या दऱ्या, सगळं झोपेत विचारलं तरी सांगेन. त्या आल्प्समधून कित्येक दिवस चालत जायची, देशांच्या सीमा ओलांडणारी एक लांबच लांब पायवाट आहे. तिचा नकाशा मी देवघराशेजारच्या भिंतीवर लावला आहे, आणि उदबत्तीच्या धुरानं त्याचा एक कोपरा पिवळा पडला आहे. त्या वाटेचे टप्पे मला पाठ. कुठे झरा, कुठे लाकडी पूल, कुठे मुक्कामाची झोपडी. आणि प्रत्यक्षात आयुष्यात चढलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणाल तर आपली गोंदियाकडची प्रतापगडची टेकडी, तीसुद्धा दोनदा बसून.

भाऊंची मुलगी, म्हणजे आमची भाची, लग्न होऊन ऑस्ट्रियाला गेली आणि तिथून दोन वर्षांमागे तिचा फोन आला. "काका, तुम्ही या. त्या वाटेचा एक टप्पा तरी आपण चालू. बाबांनाही घेऊन या सोबतीला." सोबतीला! ऐकताय ना? मुख्य पाहुणा मी. भाऊंनी तर आधी सरळ नाहीच म्हटलं. "थंडीत कायले जाऊ जी तिकडं? इथं चालाले जागा नाई का?" मीच त्यांना आठवडाभर समजावलं, मीच पासपोर्टच्या रांगेत उभं केलं. मी बूट आणले, असे जड आणि दांडगे की दारात ठेवले तर घरात पोलीस आला आहे असं वाटावं. पाठीवरच्या पिशवीत दहा किलो तांदूळ भरून मी रोज सकाळी कुडव्याच्या रस्त्यानं सराव करू लागलो. शेजारी विचारत, "सरजी, बस छूट गई क्या?" मी हसून पुढे जाई. मी तेव्हा मनानं दोन हजार मीटर उंचीवर असे.

आणि निघायला दीड महिना राहिला असताना, आल्प्समध्ये नाही, प्रतापगडावर नाही, आमच्या घरासमोरच्या नालीवरून उतरताना माझा गुडघा गेला. नाली किती उंच? वीतभर. तांदूळ रस्त्यावर सांडला, कोंबड्या धावून आल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "चढ-उतार बंद. सहा महिने तरी." मी विचारलं, "आणि सहा महिन्यांनी?" डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. डॉक्टर बायकोकडे पाहायला लागले की माणसानं काय ते समजून घ्यावं.

तर भाऊ एकटे निघाले. निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आले आणि माझ्या बायकोनं, माझ्या स्वतःच्या बायकोनं, माझे बूट त्यांच्यासमोर आणून ठेवले. "भाऊजी, तिकडं बर्फ राहते. चपलेवर जासान का?" त्यांना बूट बरोब्बर बसले. एक बोटसुद्धा लहान-मोठं नाही. मी पलंगावर पाय लांब करून म्हणालो, "न्या ना, न्या," आणि आतून असा जळत होतो की गुडघ्याचा शेक वेगळा लागला नसता. माझे बूट आल्प्सला निघाले होते आणि मी कुडव्याला राहिलो होतो.

त्यांच्या चालण्याचा दिवस मला आधीच कळला होता. मी सकाळपासून नकाशा भिंतीवरून काढून मांडीवर घेतला. तिकडचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. भाचीचा पहिला फोटो आला: पिवळी पाटी, धुकं, आणि भाऊ. डोक्याला उपरणं, हातात बांबूची काठी, पायात माझे बूट. दुसऱ्या फोटोत भाऊ वाट फुटते तिथं खाली वाकलेले. तिसऱ्यात पुन्हा वाकलेले. चौथ्यातही. "पाहा," मी बायकोला म्हणालो, "लेस बांधता येत नाही या माणसाला. वाकून वाकून माझ्या बुटांचं वाटोळं करून राहिला." पाचव्या फोटोत तर भाऊंच्या काखेत काटक्यांचा एक भारा. आता मात्र माझा संताप अनावर झाला. "अरे, युरोपात जाऊन सरपण गोळा करून राहिले हे! चिचगड सुटत नाही यांचं!" बायको म्हणाली, "जेवून घ्या. भात थंडा होऊन राहिला." मी जेवलो नाही. माझं बोट नकाशावर खिंडीपर्यंत पोचलं होतं आणि भाऊ खरोखरीच तिथं पोचले होते. या दोन पोचण्यांत जो फरक आहे तो मला त्या दिवशी घशाखाली उतरत नव्हता.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. हसू आवरत नव्हतं तिला. सोळा किलोमीटर आणि हजार मीटरची चढण, भाऊ सगळ्यांच्या पुढे. एका फाट्यावर यांनी असं काही केलं म्हणे, की मागून येणारा सात-आठ म्हाताऱ्या बायकांचा जथा जेवणाच्या झोपडीकडे वळायचा तो वळलाच नाही, आला भाऊंच्या मागोमाग दुसऱ्या वाटेनं. मग भाऊंनी त्या सगळ्यांना खिशातले चणे वाटले. "काय केलं त्यांनी?" मी विचारलं. "ते तुम्ही बाबांनाच विचारा काका," म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. मी फोन ठेवला. माझ्या पाठांतरातली झोपडी, माझे बूट, आणि जथा यांच्यामागे!

पोळ्याच्या आधी भाऊ परतले. बसस्टँडपासून चालतच आले, पायात टायरची चप्पल, आणि माझे बूट लेसची गाठ मारून गळ्यात अडकवलेले. बुटांच्या तळव्यांना काळपट माती होती. बायको ते धुवायला उचलू लागली तर मी ओरडलो, "राहू दे!" ती दचकली. मग मी भाऊंना समोर बसवून एकेक विचारायला लागलो. खिंडीतून काय दिसलं? "डोंगर होते." बर्फ? "होता. लांब होता." गाई? "होत्या. घंटा बांधते तिथं. आपल्यावानीच मधोमध बसते रस्त्यात." आणि एकंदरीत वाट कशी होती, भाऊ? त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ठीक होती."

तेव्हा माझा तोल गेला. पस्तीस वर्षांत मी भाऊंशी आवाज चढवून बोललो नव्हतो. "ठीक होती? भाऊ, एकतीस वर्षं मी तो डोंगर पोरांना शिकवला! माझ्या जागी तुम्ही गेले, माझे बूट घालून गेले, आणि प्रत्येक फोटोत पाहावं तर लेस बांधत वाकलेले! मान वर करून पाहिलं तरी का तुम्ही?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाऊ म्हणाले, "लेस कुठची जी? लेस पोरीनं एकदाच बांधून देल्ली होती. मी डहाळी टाकून राहिलो होतो."

"डहाळी? तिथं? अहो, पाट्या आहेत, दगडांवर लाल-पांढरे पट्टे मारलेत. तिथं वाट चुकतं कोण? आणि तुमच्या मागून होतं कोण?"

"तुमी होते ना," भाऊ म्हणाले.

भाऊ आपले सहज, उद्याच्या हवेविषयी बोलावं तसे बोलत होते. "पाय बरा झाला का मास्तर येईन, म्हणलं. आज नाई तं उद्या, मांगून येऊन राहिले. अना तुमी चालाल त्या नकाशात मुंडी घालून. पाटी वर राहते, तुमाले थोडीच दिसन? खाली डहाळी पडली असन तं पायात येईन. झाडाची तोडू नाई देल्ली पोरीनं, पडलेल्याच घेतल्या. वर तं झाडच नाई जी, एकबी नाई. म्हणून खालूनच भारा नेला."

वृक्षरेषा. एकतीस वर्षं शिकवली मी. तिच्या वर झाड उगवत नाही, हे परीक्षेत पाच मार्कांना विचारत होतो. आणि तिच्या वर माझ्यासाठी काखेत भारा घेऊन चढलेला माणूस मी फोटोत पाहिला आणि म्हणालो, सरपण. डोळे भरून आले तेव्हा मी गुडघ्याला शेक हवा म्हणून बायकोला हाक मारली. ती तिथंच उभी होती. ती हलली नाही.

"एकच चुकलं पण," भाऊ म्हणाले. "शेवटच्या फाट्यावर डहाळी नाई टाकली. संपल्या. त्या बायांनी एकेक मागून घेतली ना याद म्हणून, मंग कमी पडल्या." मी उठून नकाशा आणला. भाऊंना नकाशातलं काही कळत नाही. पण दोन झरे, एक पडका गोठा, मग उतार, असं आठवत आठवत त्यांनी बोट बरोबर त्या फाट्यावर ठेवलं. "इथं. इथं डाव्या अंगानं जाजा. उजवीकडची वाट चांगली दिसते, पण तिकडं नोका जाऊ." मी तिथं पेन्सिलनं बाण काढला.

हेवा गेला असं समजू नका. परवाच ते चिचगडहून आले, पुन्हा स्टँडपासून चालत, आणि पुन्हा माझ्या पोटात दुखलं. डॉक्टर अजून बायकोकडेच पाहतात. पण मी गुडघ्याला पट्टा बांधून सकाळी कुडव्याच्या मोडापर्यंत जाऊन येतो, तांदूळ न घेता. बूट दारात आहेत, धुतलेले नाहीत. त्या डहाळ्या एव्हाना दोन हिवाळ्यांच्या बर्फाखाली कुजल्या असतील, हे मला भूगोल सांगतो. कुजोत. बाकीचे सगळे फाटे मला पाठ आहेत, आणि शेवटच्याला डावीकडे वळायचं आहे.