पोटावरचं पुसलेलं नाव

नीलाच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि घाटकोपरच्या चाळीत तिच्या आईकडे, वनमालेकडे, सगळं तयार होतं. हॉल होता, भटजी होते, अगदी आइस्क्रीमसुद्धा ठरलं होतं. नव्हता तो फक्त मामा. नवरीच्या पाठीशी उभा राहायला मामा लागतो, आणि मामा असायला आधी आईला माहेर लागतं.

चव्वेचाळीस साली गोदीत स्फोट झाला, तेव्हा रस्त्यात रडत फिरणारी तीन वर्षांची पोर एका गिरणी कामगाराच्या बायकोनं, शेवंतीनं, उचलून घरी आणली. पोरीच्या हातात पितळी तांब्या होता. नाव सांगता येईना, म्हणून वनमाला ठेवलं. पुढे शेवंती गेली, तांब्या राहिला. माहेरचं तेवढंच, म्हणून वनमाला तो चाळीस वर्षं रोज चिंच-राखेनं लख्ख घासत आली.

साखरपुड्याला नवऱ्या मुलाची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "मामा खंयचो गो? की पोरीच्या पाठी तांबयो उभो करतलंस?" सगळे खो-खो हसले. वनमालाही हसली आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

सोमवारी ती तांब्या घेऊन साकीनाक्याला गेली. बूड गळत होतं आणि मांडवात कलश म्हणून तोच ठेवायचा होता. झाळ मारणाऱ्या चंद्रप्रकाशनं जुनं ठिगळ उचकटलं आणि ओरडला, "ओ भाभी, नीचे कुछ लिखेला है!"

छिन्नीनं ठोकलेली अक्षरं, ठिगळाखाली जशीच्या तशी: 'द्रौपदी पाटील, मानखुर्द, हिजकडून. १९४१.'

झाळ मारायलाही वनमाला थांबली नाही. मानखुर्दच्या गावठाणात दिसेल त्याला विचारत सुटली. द्रौपदी कधीच वारली होती. तिचा मुलगा मार्तंड ओटीवर पाय सोडून बसला होता.

"माज्या आयचाच तांब्या," तो म्हणाला.

वनमाला ओटीजवळ सरकली. "मग मी तुमची कोण?"

"मना काय ठाव? आयचं पयलं पोर गेलं, तवापासून ती दर बारशाला तांब्या द्यायची. गावात नि गावाभायेर. साठ-सत्तर तरी वाटले. देनारीचं नाव बुडाला, पोरीचं पोटावर. वाच ना, काय हाय ते."

वनमालेनं पोटावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला. एक काना नाही, एक मात्रा नाही. चाळीस वर्षांची चिंच आणि राख.

"शुक्रवारी माझ्या पोरीचं लग्न आहे," ती एकदम म्हणाली. "मामा म्हणून उभे राहाल?"

"आनि मी कोन लागतो तुजा?"

"ते नका ना विचारू! नुसतं उभं राहायचं. साडेबाराचा मुहूर्त आहे. टॅक्सी पाठवते, फेटा आणते, तुम्ही फक्त..." तिनं तांब्याच त्याच्यापुढे धरला.

मार्तंडनं तांब्या हातात घेतला. त्याचाही अंगठा पोटावर बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

"येन मी," शेवटी तो म्हणाला. "पन मना खोटं बोलवत नाय. कुनी इचारलं तर काय सांगू?"

"खोकायचं," वनमाला पदरानं डोळे पुसत म्हणाली. "जोरात खोकायचं. बाकी मी बघते."